घोडा एकटाच परत आला

माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा घोड्याला हात लावला, तेव्हा त्याच्या छातीत दोन स्टेंट होते आणि डोक्यावर हायपरमार्केटमधून आणलेली काउबॉय हॅट. स्टेंट डॉक्टरांनी बसवले होते. हॅट त्याने स्वतःच्या हौसेने घेतली होती, आणि मला त्या हॅटचंच जास्त अप्रूप वाटलं होतं. कारण त्याआधी कित्येक महिन्यांत त्याने कशाचीच हौस केली नव्हती.

आम्ही मूळचे वसईचे. लग्न झाल्यापासून इथे, अमिरातीत आहोत. तो दुबईत एका हॉटेलच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये, मी तिथल्याच करामा भागात एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला, आणि घर शारजात, अल मजाजला, लगून नावाच्या खाडीच्या काठी. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार.

नवरा आधी फार बोलका माणूस होता. चर्चच्या फेस्तला माइक हातात आला की सोडायचा नाही. त्याला ऑफिसच्या मीटिंगमध्ये अटॅक आला. सहकाऱ्यांनी वेळ न घालवता हॉस्पिटलात नेलं म्हणून तो वाचला. पण घरी परत आला तो कोणी दुसराच माणूस होता. लिफ्टने एकटा उतरेना. बोलता बोलता हात मनगटावर जायचा आणि नाडी मोजणं सुरू व्हायचं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची ती बारीक गोळी शर्टाच्या खिशात, पँटच्या खिशात, गाडीत आणि उशीखाली. रिपोर्ट चांगले येत होते. डॉक्टर म्हणायचे, चाला, फिरा, काहीही झालेलं नाही. हा मात्र मान हलवायचा आणि घरी येऊन सोफ्यावर बसायचा. कोणी फोन केला की म्हणायचा, ‘‘आपलं आता खलास, बाबा.’’ मी भांडले, रडले, समजावलं. शेवटी गप्प बसले. ऑफिसात असतानाही माझा एक कान फोनकडे लागलेला असायचा.

मुलीला घोड्याचं वेड तिच्या वर्गमैत्रिणीने लावलं. शारजाहून धैदच्या दिशेला गेलं की रस्त्यापासून आत एक लहानशी पागा आहे. काटेरी तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, आठ-दहा घोडे. चालवणारी बाई पंजाबी, पन्नाशीची, पण वाढली कॅनडात, गुरांच्या मोठ्या रँचवर. त्यामुळे तिच्याकडे रायडिंग शिकवतात ते अमेरिकी गुराख्यांच्या पद्धतीचं, वेस्टर्न. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. ती नवऱ्याला भाईसाब म्हणायची आणि मला भाभी.

दर शनिवारी मुलीला मी गाडीने न्यायची. एका शनिवारी ती बापाला म्हणाली, ‘‘डॅडी, जस्ट कम अँड सिट. यू सिट हिअर एनीवे.’’

मला वाटलं, आता हा चिडणार. तो उठला, चपला घातल्या आणि आमच्याबरोबर आला. बसला तोही गाडीतच, एसी लावून. पुढच्या शनिवारी काच खाली केली. त्याच्या पुढच्या शनिवारी कुंपणाशी जाऊन उभा राहिला. तिथे एक म्हातारा घोडा होता, तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तो येऊन याच्या खांद्याला नाक लावून उभा राहायचा. आणि मग आली ती हॅट.

‘‘भाईसाब, ये टोपी फोटो के लिए है,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘गिरोगे तो टोपी उड़ जाएगी, सिर यहीं रहेगा.’’

‘‘मी कुठे बसणार आहे घोड्यावर,’’ तो मला मराठीत म्हणाला. पण हॅट काढून हातात घेतली.

मग कळलं की घोड्यावर बसायची गोष्ट डॉक्टरांना विचारून झाली होती, आणि ती मला न सांगता. डॉक्टरांनी घाई करू दिली नाही. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या. अशा माणसाला साधा मार लागला तरी आतल्या आत रक्त वाहू शकतं, डोक्याला लागलं तर विचारायलाच नको. ‘‘वर्ष होऊ दे, एक गोळी बंद करू, मग बघू,’’ असं ठरलं. तोपर्यंत जमिनीवर उभं राहून घोड्याचं काय करायचं ते कर.

ते वर्ष त्याने सामान शिकण्यात घालवलं.

आधी मॅडमनी माणसाच्या अंगावरचं सांगितलं. हेल्मेट, तेही घोडेस्वारीचंच. सायकलचं चालणार नाही, कारण घोड्यावरून माणूस मागेही पडतो आणि डोक्याची मागची बाजू झाकलेली असावी लागते. बूट घोट्याच्या वर जाणारे, तळ गुळगुळीत आणि टाच अंगठ्याएवढी उंच. ‘‘जॉगिंग शूज पहनके आओगे तो वापस भेज दूँगी,’’ त्यांनी बजावलं. पाय ज्या कडीत ठेवतो ती रिकीब वेस्टर्न खोगिराला रुंद असते. टाच नसेल तर अख्खं पाऊल तिच्यातून पलीकडे जातं आणि अडकतं. घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो. हे ऐकून मी मागे सरकले. नवरा मात्र वाकून रिकीब पाहत होता, तिच्यात हात घालून बघत होता. जीन्स जाड कापडाची, पण मांडीच्या आतल्या बाजूला शिवण फुगीर नको, नाहीतर सोलवटून निघतं. शर्ट पूर्ण बाह्यांचा, इथलं ऊन कोणाला सोडत नाही. हातमोजे असले तर बरं. आणि पाणी, खूप पाणी.

बाकीचं काही विकत घेऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लोक पहिल्याच महिन्यात चकचकीत बक्कल लावलेले पट्टे आणि झालरीची जॅकेटं घेतात आणि तिसऱ्या महिन्यात यायचे बंद होतात. आमच्या हॅटकडे त्यांनी पाहिलं नाही, पण आम्ही दोघांनी पाहिलं.

घोड्याचं सामान मोठं. खरारा करायचे ब्रश, खुरातली वाळू आणि खडे काढायचा आकडा. पाठीवर टाकायची जाड लोकरी घडी. तिच्यावर खोगीर, पुढे मूठ असलेलं, चांगलंच जड. ते उचलायची नवऱ्याला सक्त मनाई होती, म्हणून मुलगी उचलायची आणि हा मापं काढल्यासारखा उभा राहून ‘जरा पुढे, जरा मागे’ करायचा. मग पोटाखालून आवळायचा पट्टा, त्याला आपल्याकडे तंग म्हणतात. तो एकदा आवळला की काम झालं असं नाही. घोडा लबाड असतो, आवळताना पोट फुगवून ठेवतो. दोन मिनिटं त्याला चालवून पुन्हा आवळावा लागतो. मग लगाम. वेस्टर्न पद्धतीत लगामाच्या दोन वाद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. स्वार उतरला आणि वाद्या जमिनीवर सोडल्या की घोड्याने जागचं हलायचं नाही, अशी त्याला शिकवण असते. रँचवर झाडं नसतात, घोडा बांधणार कशाला?

‘‘जमीन को बाँध दिया समझो,’’ मॅडम म्हणाल्या.

नवऱ्याला हे इतकं आवडलं की घरी येऊन त्याने मला खुर्चीवर बसवून दोन ओढण्यांनी समजावून सांगितलं. ओढण्या खाली टाकून म्हणाला, ‘‘आता हलायचं नाही.’’ मी हलले, कारण कुकरची शिटी होत होती. तो हसला. किती दिवसांनी हसला, ते मी मोजलं नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला आणि डोळे पुसले.

वर्ष झालं. एक गोळी बंद झाली. डॉक्टरांनी सांगितलं, शांत घोडा, फक्त चालीवर, दौड नाही, हेल्मेट विसरायचं नाही. ऑक्टोबर संपून हवा जरा बरी झाल्यावर तो पहिल्यांदा त्या तांबूस घोड्यावर बसला. मॅडम दोरी धरून शेजारी चालत होत्या. गोल मैदानाच्या तीन-चार फेऱ्या. मग तो उतरला. बोटं मनगटाकडे गेली, आणि मग त्याच हाताने त्याने घोड्याची मान थोपटली.

पुढचा हिवाळा येईपर्यंत त्याची चांगली प्रगती झाली. मॅडम त्याला पागेच्या मागच्या वाटेवर एकट्याला सोडू लागल्या. घाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडांमधून जाणारी वाट, एका टेकाडाला वळसा घालून परत. घोडा रोज त्या वाटेने जाणारा. अर्ध्या तासाचं काम. मी शेडखाली बसून फ्लास्कमधला चहा प्यायची आणि तो दिसेपर्यंत टेकाडावरून नजर हलवायची नाही. मॅडमनी त्याला खोगिराच्या मागे अडकवायची चामड्याची जोडपिशवी दिली होती. तिच्यात पाण्याची बाटली, खजूर आणि छोटी प्रथमोपचाराची पेटी. तिचं त्याला मोठं कौतुक.

त्या शनिवारीही तो असाच गेला. निघताना मुलीला ओरडून म्हणाला, ‘‘यल्ला, मी आलोच.’’ मुलगी मैदानात दुसऱ्या घोड्यावर होती. मी चहा ओतला. टेकाडापलीकडून वाळूवर चालवायच्या मोटरबाईकांचा आवाज येत होता. सुट्टीच्या दिवशी पोरं येतात तिथे. आवाज जवळ आला, मग लांब गेला.

थोड्या वेळाने घाफच्या झाडांमधून तांबूस घोडा दिसला. दुडक्या चालीने येत होता. मी कप खाली ठेवून उभी राहिले. घोडा पूर्ण दिसला तेव्हा मला कळलं की त्याच्या पाठीवर कोणी नाही. रिकिबी दोन्ही बाजूंनी पोटावर आपटत होत्या. लगामाची एक वादी वाळूत घासत होती, दुसरी मधूनच तुटली होती.

घोडा सरळ आपल्या पाण्याच्या टाकीशी जाऊन उभा राहिला.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मॅडम धावत आल्या, त्यांनी घोडा धरला, त्याच्या पायांवरून हात फिरवला. मी फोन लावला. फोनची रिंग अगदी जवळ वाजली. जोडपिशवीत. मी पिशवी उघडली. फोन थरथरत होता, आणि त्याच्याखाली गोळ्यांची डबी होती. तो जन्मात कधी सोडणार नाही असं वाटलेली ती डबी, जी तो आंघोळीलाही बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवायचा. घोड्यावर बसताना खिशात टोचते म्हणून त्याने ती पिशवीत टाकली होती.

मुलगी घोड्यावरून उतरून माझ्याजवळ आली. ‘‘मम्मी, डॅडी कुठेत?’’ तिने मराठीत विचारलं.

‘‘तू ये घोड़ा ले,’’ मॅडमनी तिला सांगितलं. ‘‘पकड़ के रख, ओके? भाभी, गाड़ी में बैठो.’’

त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये आम्ही निघालो. डबी माझ्या मुठीत होती. मी विचार करत नव्हते, चित्रं दिसत होती. तो वाळूवर उताणा. त्याचा पाय. त्याचं डोकं. डॉक्टर ‘आतल्या आत’ म्हणाले होते ते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला तो बाक, ज्याच्यावर मी त्या पहिल्या दिवशी बसले होते. मी प्रार्थना म्हणायला लागले आणि अर्ध्यात शब्दच विसरले. मॅडम एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या, ‘‘काठी सीधी थी. भाभी, काठी सीधी थी.’’ काठी म्हणजे खोगीर. ते घसरलेलं नव्हतं, जागच्या जागी होतं, म्हणजे तो त्याच्याबरोबर खाली गेला नसावा, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते नंतर कळलं.

टेकाडाला वळसा घातला आणि तो दिसला.

चालत येत होता. डोक्यावर हेल्मेट तसंच, हनुवटीखालचा पट्टासुद्धा लावलेला. एका हातात हातमोजे. अगदी सावकाश, संध्याकाळी लगूनच्या काठाने लोक चालतात तसा. आमची गाडी पाहून त्याने हात वर केला.

मी गाडी थांबायच्या आत उतरले. वाळूत चप्पल रुतली, ती तिथेच सोडून गेले. जवळ पोचले तेव्हा तोच आधी बोलला.

‘‘अगं, घोडा पोचला ना नीट?’’

‘‘घोडा पोचला,’’ मी म्हणाले. ‘‘घोडा पोचला! तुझं काय?’’ आणि मी त्याला धरून रडायला लागले. त्याच्या पाठीवर, खांद्यावर, हातांवर मी चाचपून पाहत होते. शर्ट घामाने भिजला होता, पण वाळूचा कण नव्हता कुठे.

‘‘पडलो नाही गं. पडलोच नाही. मी उतरलो होतो.’’

झालं होतं ते असं. टेकाडाच्या मागे त्याला खोगीर किंचित हलल्यासारखं वाटलं. त्या दिवशी निघायच्या घाईत तंग दुसऱ्यांदा आवळायचा राहिला होता. शिकवल्याप्रमाणे तो उतरला. शिकवल्याप्रमाणे लगामाच्या वाद्या जमिनीवर सोडल्या. तंग आवळून झाला आणि तो वाद्या उचलायला वाकणार, एवढ्यात उंचवट्यावरून एक मोटरबाईक एकदम वर आली. घोडा दचकला, फिरला आणि घरच्या वाटेला लागला. जाता जाता स्वतःच्याच वादीवर पाय देऊन त्याने ती तोडली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘और फोन किधर था?’’

‘‘घोड़े के पास,’’ नवरा म्हणाला.

‘‘तो फोन कौन उठाएगा? घोड़ा?’’

तिघेही हसायला लागलो. मी रडत रडतच हसत होते. मॅडमचं हसू मात्र लगेच थांबलं. त्यांनी त्याला तिथेच वाळूत उभं करून असा काही झाडला की मला माझ्या शाळेतल्या सिस्टरची आठवण झाली. फोन अंगावर, औषध अंगावर, नेहमी, घोड्याच्या पिशवीत फक्त पाणी आणि खाणं. मग स्वतःवरच चिडल्या. ‘‘मुझे चेक करना चाहिए था. तुम्हारे जाने से पहले मुझे देखना चाहिए था,’’ असं म्हणत गाडीत बसल्या आणि स्टिअरिंगवर एक हात आपटला.

परत जाताना तो पिकअपच्या मागच्या सीटवर माझ्याजवळ बसला. मी मूठ उघडून डबी त्याला दिली. घट्ट धरल्यामुळे तिच्या कडेचा वळ माझ्या तळव्यावर उमटला होता. त्याने तो वळ पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

‘‘तुला सांगू?’’ मग म्हणाला. ‘‘घोडा गेला तेव्हा मी पहिला हात खिशाला लावला. डबी नाही. मग दुसरा खिसा. फोन नाही. म्हटलं, इथेच मरणार मी. झाडाखाली बसलो. छाती अशी धडधडत होती. नाडी धरली, मोजायला लागलो. मोजता मोजता ती आपोआप हळू झाली. काहीच झालं नाही. मी तिथे बसलो होतो, गोळी नव्हती, फोन नव्हता, तू नव्हतीस, आणि काहीच झालं नाही. मग विचार केला, इथे बसून करू काय? उठलो आणि चालायला लागलो.’’

‘‘घाबरला नाहीस?’’

‘‘घाबरलो ना. पण चालता येत होतं.’’

मुलगी पागेच्या फाटकात घोडा धरून उभी होती. बापाला पाहिल्यावर तिने घोडा सोडला नाही, कारण धरून ठेवायला सांगितलं होतं. तिथूनच रडत ओरडली, ‘‘डॅडी, आय विल किल यू!’’ तो गेला आणि त्याने एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने घोड्याची मान कवेत घेतली. मग तिच्याकडून आकडा मागून घेतला, घोड्याचे चारही खूर उचलून पाहिले, खडा कुठे रुतला नाही ना याची खात्री केली. मी बाकावर बसून राहिले. अंगातलं सगळं बळ गेलं होतं, पण गेलेल्या बळाबरोबर आणखी काहीतरी गेलं होतं. कानात दोन वर्षं घोंघावणारा पंखा कोणीतरी बंद करावा तसं वाटत होतं. चहा गार झालेला. तोच प्याले.

मंगळवारी डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी ईसीजी काढला, बीपी पाहिलं, वाळूतून किती चाललास ते विचारलं आणि म्हणाले, ‘‘गुड.’’ एवढंच. औषधात काही बदल नाही.

सामानात मात्र बदल झाला. नवऱ्याने कमरेला बांधायचा सपाट पाऊच घेतला, त्यात फोन आणि डबी. ती आता टोचत नाही. मॅडमनी तुटलेली वादी बदलली आणि बाहेरच्या वाटेवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी नवा नियम केला. लगामाच्या आत घोड्याच्या डोक्याला दोरीची मोरखी घालूनच निघायचं, आणि तिची लांब दोरी खोगिराच्या मुठीला गुंडाळून ठेवायची. उतरलात तर दोरी हातात घ्यायची. जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही. मोटरबाईकवाल्या पोरांना त्यांनी कुंपणाजवळ गाठलं आणि अरबी, हिंदी, इंग्लिश अशा तिन्ही भाषांत समजावलं. ती पोरं ओशाळली होती. खालती म्हणजे अरबीत मावशी; ‘सॉरी, खालती, सॉरी,’ म्हणत पुढच्या वेळी घोड्यांसाठी गाजरांची पिशवी घेऊन आली.

मला सगळ्यांनी विचारलं, आता सोडणार का त्याला घोड्यावर? करामातल्या माझ्या कलीगने, चर्चमधल्या बायकांनी, वसईहून फोनवर माझ्या जावेने. मी सांगितलं, सोडणार. पटवून देता आलं नाही कोणाला. मी त्या दिवशी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मी ज्या माणसाला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं, तो त्या झाडाखालून उठलाच नसता.

पुढच्या शनिवारी बापलेक निघाले तेव्हा मी अंथरुणातच होते. मुलीने दार लोटता लोटता विचारलं, ‘‘मम्मी, आर यू नॉट कमिंग?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. तुम्ही जा.’’ तिने बापाकडे पाहिलं, बापाने खांदे उडवले. लिफ्टचा आवाज आला, मग शांतता. पडद्याच्या फटीतून लगूनच्या पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता. तो पाहता पाहता माझा डोळा लागला.

फोनने जाग आली. नवरा होता. ‘‘पोचलो. डबी कमरेला आहे, हेल्मेट डोक्यावर आहे, तंग दोनदा आवळला.’’

‘‘अरे, मी झोपलेय,’’ मी म्हणाले आणि फोन ठेवून कूस बदलली.